जांभूळ आख्यान

आमच्या इस्लापूरला मृगाच्या तोंडावर जांभळे पिकली की मला शाहीर विठ्ठल उमपांची आठवण होते. तसा आमचा संबंध काहीच नाही. ते १९३१ साली मुंबईत जन्मलेले; मी पैनगंगेकाठचा, सहस्रकुंडाची गाज ऐकत वाढलेला. पण परवा पुतण्याने मोबाइलवर त्यांचे ‘जांभूळ आख्यान’ लावून दिले, आणि मला माझे मामा दिसले.

मामा गोंधळी होते. संबळ घुमू लागला, दिवटी पेटली, की ते उपरणे डोक्यावर घेत आणि द्रौपदी होत. तेच उपरणे कमरेला आवळले की भीम! पाच पती असूनही कर्णाकडे मन गेलेली ती राणी जांभळीखाली उभी राही. मामांच्या कथेत तुटलेले जांभूळ देठाला परत लागायचे तर प्रत्येकाने मनातले खरे सांगावे लागे. तिच्या मुखी ते यायला मध्यरात्र उलटे.

उमप गायक होते ‘आणि’ नटही होते, असे लोक म्हणतात. ते दूरदर्शनवर दिसले, २००८ च्या ‘टिंग्या’ चित्रपटातही दिसले, हे खरेच. पण तो ‘आणि’ मला खटकतो. गोंधळ्याचे गाणे कुठे संपते आणि सोंग कुठे सुरू होते, हे कोणी सांगावे?

हे शहाणपण मला उशिरा आले. गावात टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. मालिकेची वेळ झाली की माणसे उठतील, या धास्तीने एका कार्यक्रमात मीच म्हणालो, “मामा, दहा मिनिटांत उरका.”

ते हसले. “भाचेबुवा, दहा मिनिटांत बाईच्या मनातलं कसं निघंल?”

गण म्हणून त्यांनी संबळ उतरवला. पुन्हा आमच्या दारी आख्यान लावले नाही. आज ते नाहीत.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, एका नव्या दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्घाटनाच्या समारंभात, एकोणऐंशी वर्षांचे उमप रंगमंचावरच कोसळले आणि गेले. त्यांना कोणी ‘उरका’ म्हटले नव्हते, एवढेच मला समाधान.

आख्यान रंगात आले तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, पुढं ढकलू का?”

“नको रे,” मी म्हणालो. “तिला बोलू दे.”