आठ जणांचं टेबल

टेबल म्हटलं की आपल्या माणसाला पहिलं काय आठवतं? तलाठ्याचं टेबल. दवाखान्यातलं केसपेपरचं टेबल. मिलमधलं टाइम ऑफिसचं टेबल. त्या बाजूला खुर्ची, ह्या बाजूला उभं राहायची जागा. टेबलाला पाय चार असतात असं म्हणतात, पण आपण बघितलेल्या टेबलांना बाजू दोनच होत्या आणि आपली बाजू ठरलेली होती. घराघरात बाबासाहेबांचा फोटो हाय त्यात ते टेबलाशी बसलेत, पुढं पुस्तक. तेवढं एक टेबल आपलं.

तर दोस्तांनो, मी एक टेबल केलं. जेवायचं. दारापुढं अंगणात, उघड्यावर. ८ फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन्ही अंगाला दोन बाकं. आमच्या चर्चामंडळातले काहीजण हसले. म्हणाले, कवी आता सुतारकी करायला लागला, चळवळ गेली रंध्याच्या भुशात. हसू देत. कविता दोन तासांत होते. टेबलाला माझ्या चार साप्ताहिक सुट्ट्या गेल्या आणि वर दोन रात्रपाळ्यांची झोप.

आधी लाकडाचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर आला तेव्हा आमचं जुनं घर गेलं. आज्जाचं घर. मातीच्या भिंती, वर खापरी कौलं. पाणी पाचव्या दिवशी उतरलं आणि सहाव्या दिवशी भिंत बसली. बसली म्हणजे खरंच माणूस बसावा तशी बसली. पंचनामा झाला, त्यात घराची लांबी-रुंदी लिहिली, लाकडाचा रकानाच नव्हता. पण लाकूड शिल्लक होतं. बाभळीच्या चार मेढी आणि कडुलिंबाची एक तुळई. महारवाड्यातल्या घराला साग कुठला येणार? बाभूळच. पण जुन्या बाभळीचा तांबडा गाभा असा टणक असतो की खिळा वाकतो, लाकूड वाकत नाही. बाहेरचा पांढरा भाग तेवढा कीड खाते. तो वाकसानं तासून टाकला. कडुलिंबाला तर किडा तोंडच लावत नाही.

आबांनी ते लाकूड तेव्हाच गोठ्याच्या सावलीला दगडावर रचून ठेवलं होतं. उन्हात नाही. भिजलेलं लाकूड एकदम उन्हात टाकलं की तडकतं. तिथं ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. आई दोनदा म्हणाली चुलीला घालूया. आबा म्हणायचे, राहू दे, बापाचं हाय.

वरच्या फळ्या मात्र भंगारवाल्याकडनं आणल्या. सूतगिरणीत मशिनचे भाग मोठ्या खोक्यांतून येतात, पाइनच्या पांढऱ्या फळ्यांची खोकी. ती भंगारात जातात, तिथनं किलोवर मिळतात. घेताना एक बघायचं. परदेशातनं आलेल्या खोक्यावर शिक्का असतो. त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड भट्टीत तापवून किडा मारलेला असतो, ते घ्यावं. एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, म्हणजे विषारी वायू. त्याच्यावर भाकरी ठेवायची नाही. मी भंगाराच्या ढिगात उकिडवा बसून एकेका फळीचा शिक्का वाचला. भंगारवाला म्हणाला, काय शोधतोयस, पत्ता? आपल्याकडं ही फळी झोपडीला लावतात, पोरांचा पाळणा करतात, शिक्का कोण वाचतो! वाचायला पाहिजे.

मग माप. ह्यात मी जास्त रमलो. जेवायचं टेबल ३० इंच उंच असावं आणि बाक १८ इंच. म्हणजे टेबलाचा पाय २९, वर एक इंचाची फळी. बाकाचा पाय १७, वर तीच फळी. मधलं १२ इंचाचं अंतर मांडीला आणि हाताला पुरतं. माणशी दोन फूट धरली तर ८ फुटांत एका अंगाला चार, दोन्हीकडं मिळून आठ. आमच्या घरात माणसं आठ. आज्जी, आबा, आई, थोरला भाऊ, वहिनी, पुतण्या, बहीण आणि मी. वरच्या फळ्यांत पाव पाव इंचाची फट सोडली, पावसाचं पाणी साठू नये म्हणून. बाक ८ फुटी म्हटल्यावर मधे तिसरा पाय घेतला, नाहीतर फळी खाली झोल खाते.

टेप घेऊन मी सगळ्यांचे गुडघे मोजले. आज्जीचा गुडघा मोजताना ती हसली. म्हणाली, "मला कशाला मोजतोस? मी काय वर बसायची हाय व्हय?"

आज्जी जिथं बसते तिथं जमीन असते. एसटीत सीट मिळाली तरी ती कडेला टेकते, कुणीतरी उठवणार हाय अशी. तिच्या माहेरी येसकरकी होती. आठ-दहा वर्षांची असताना ती बापाबरोबर भाकरी मागायला जायची. तिचंच ऐका. "दाराम्होरं बसायचं. उंबऱ्याच्या खाली, जोत्याच्या बी खाली. घरातली बाई वर उभी. भाकरी वरनं पडायची. हात वर करायचा न्हाय, पदर पुढं धरायचा. तिचा हात लागायला नगो, म्हणून ती आणि उंच धरायची." मी विचारलं, किती उंच? आज्जीनं हात वर केला. मी टेप लावला नाही, पण माझ्या टेबलापेक्षा उंच होतं.

महार वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. त्याच्या आधी १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि आज्जीच्या बापानं पाटी फेकली. पण शरीर कायदा वाचत नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरनं नेलेल्या गोणपाटावर बसायचे आणि संध्याकाळी ते घरी घेऊन यायचे, कारण शाळेतला झाडूवाला त्याला हात लावत नव्हता. कुणी कशावर बसायचं, किती उंचीवर बसायचं, हे ह्या देशात सुताराच्या आधी मनूनं मोजून ठेवलंय.

मी रिंगफ्रेमवर आहे. सूत तुटलं की सांधायचं, दिवसभर तेच. रिंग खात्याचा आणि आपला संबंध जुना. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंगवर चालायची, विणाई खात्यात चालायची नाहीत. पगार तिकडं जास्त. कारण काय? धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडात कसा धरायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल सरळ पुढाऱ्यांपुढं टाकला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण तोंडाशी आलं की जात आली. उष्ट्याची भीती मशिनलासुद्धा चिकटलेली. हे मी रात्रपाळीला सूत सांधताना बरेचदा आठवतो.

लाकूड सरळ करायला माझा एक वर्गमित्र आला, सुताराचा. नाव लिहीत नाही, त्याची आई आणि माझी आई अजून बाजाराला बरोबर जातात. इलेक्ट्रिक रंधा घेऊन आला, पैसे घेतले नाहीत. आधी आम्ही सगळे खिळे उपटून काढले, कारण एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलं. मेढी कापल्या, गुण्या लावून काटकोन बघितले, गिरमिटानं भोकं पाडून मग बोल्ट बसवले. त्याचा हात बघत राहावा असा हाय. शिकवलंही मनापासून. पटाशी कशी धरायची, लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की चिपा कशा उडतात, सगळं. दोन वाजता आईनं ताटं आणली. तो म्हणाला, "काकू, आज उपास हाय."

आई म्हणाली, "कसला रं?"

"शनिवार न्हवं का."

सकाळी दहाला टपरीवर त्यानं माझ्यासमोर वडा खाल्ला होता. इचलकरंजीत गाड्यावर आम्ही एका प्लेटमधनं अंडाबुर्जी खातो. तिथं तो आणि मी कामगार. इथं गावात, दिवसाढवळ्या, महारवाड्यात, उघड्या अंगणात टेबलाला टेकून जेवायचं म्हणजे त्याच्या गल्लीनं बघायचं. मी एवढंच म्हणालो, "बरं गड्या. टेबल हितंच हाय, रविवारीबी." त्यानं टेबलाकडं बघितलं, पाय हलवून बघितला. "हितं तिरपा अजून एक मार, नायतर डुलंल," म्हणाला आणि रंधा गुंडाळून गेला. तिरपा मारला. बरोबर सांगितलं होतं त्यानं.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्या आपल्या माणसाला चहाचं हॉटेल काढून दिलं आणि गाडी थांबवून स्वतः तिथला चहा पिऊ लागले. बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही मग प्यावा लागे. राजा बरोबर असला की उपास सुटतो. आमच्याच तालुक्यात माणगावला १९२० च्या परिषदेत हेच शाहू बाबासाहेबांच्या मांडीला मांडी लावून उभे राहिले. आता शंभर वर्षं होऊन गेली आणि राजा नाही. तरी बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरला जे भाषण होऊच दिलं नाही आणि मग छापलं, त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, एकत्र जेवणाऱ्या जातीतही जात शाबूत राहते. म्हणजे माझ्या मित्रानं जेवून हात धुतला असता तरी प्रश्न सुटला नसता. हे मला कळतं. पण वडा खाल्लेल्या पोटानं उपास सांगितला की लागतं ते लागतंच.

तेलाचं राहिलं. पाइन मऊ असतं, उघड्यावर कुजतं. जवसाच्या तेलात टर्पेंटाइन घालून फडक्यानं तीन हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. मिलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. तेलाची फडकी चुंबाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. आपोआप तापतात आणि पेट घेतात. तेलकट वेस्टनं आग कशी लागते हे आमच्या खात्यातल्या पोरालाही माहीत असतं. फडकी पसरून वाळवायची, मग फेकायची. तुळईच्या खालच्या बाजूला आज्जाच्या चुलीचा धूर बसलाय, काळा चकचकीत. ती बाजू मी रंधली नाही.

आठजण एकदम घरात सापडायचा दिवस वर्षात एखादाच. भावाची मागावर बारा तासांची पाळी, माझ्या तीन पाळ्या फिरत्या, बहीण गारमेंटला, वहिनी भांगलणीला. प्रत्येकजण येईल तेव्हा दुरडीवरचं फडकं उचलून खातो. १४ एप्रिलला सगळे होते. मिरवणूक संध्याकाळी, म्हणून दुपारी बसायचं ठरलं. आणि मग खरी गंमत झाली. सात माणसं बसली, आठवी जागा रिकामी. आई चुलीपुढं.

"तुमी खावा. मी मागनं खाते."

का? तर गरम भाकरी कोण वाढणार! आमच्याकडं पुरुषाला भाकरी तव्यावरनं ताटात पाहिजे. म्हणजे जेवणारे जेवत असतात तोवर एक बाई चुलीपुढं असायलाच पाहिजे. आणि तिच्या वाट्याला शेवटची, मोडकी, गार. माझी उमर झाली तेवढ्या वर्षांत आईनं सगळ्यांबरोबर भाकरी मोडलेली मी बघितलेली नाही. आपण मनुस्मृती जाळली १९२७ ला, महाडला. तिच्यातलं एक पान आपल्या चुलीमागं पडून राहिलं असेल तर ते आपणच उचलायला पाहिजे, बाहेरचा येऊन उचलणार नाही.

बहीण म्हणाली, "सगळ्या भाकऱ्या आधी भाज. गार खाऊया."

भाऊ म्हणाला, "सणादिवशी गार भाकरी?"

आबा काहीच बोलले नाहीत, पण ताट जरा पुढं सरकवलं. ते नाराजीचं असतं. तेव्हा आज्जी बोलली. "आमी शिळ्या खाल्ल्या, कुणाकुणाच्या. घरची गार खायला तुमास्नी काय झालं?"

वीस मिनिटं सगळे थांबलो. पुतण्यानं बाकाखालनं सहा फेऱ्या मारल्या. आई भाकऱ्यांची चळत घेऊन आली आणि कडेला टेकली, एक पाय बाहेर. मीठ आणायला उठली. पाण्याला उठली. खरड्याला उठली. मग बहिणीनं आत जाऊन आमटीचं पातेलं, पाण्याची कळशी, मीठ, खरडा, कांदे, सगळं टेबलावर आणून मांडलं. आत काही ठेवलंच नाही. आईला उठायला कारण उरलं नाही. आबांनी आमटी स्वतःच्या हातानं वाढून घेतली, पळी कुठं धरावी ते कळेना त्यांना, थोडी सांडली. फटीतनं खाली गेली.

आज्जी वर बसली. पण पाय लोंबकळत्यात म्हणून चपला काढून दोन्ही पाय बाकावर घेतले आणि उकिडवी बसून जेवली. मोजलेले १८ इंच वाया. भाऊ म्हणाला, आज्जी पाय खाली सोड. ती म्हणाली, "वर बस म्हणलासा, बसले. आता कसं बसायचं ते मी बघीन."

गल्लीतनं येणारेजाणारे बघत होते. बघू देत, त्यासाठीच अंगणात केलं. मित्र परवा येऊन गेला. चहा घेतला, उभ्यानं, एक हात टेबलाला लावून, तिरपा नीट बसलाय का ते बघत.

पावसाच्या आत पायांना डांबर द्यायचंय आणि खाली सपाट दगड. रात्री गल्लीतली दहावीची पोरं एक बाक खांबाच्या दिव्याखाली अभ्यासाला उचलून नेतात. न्यायला चौघं येतात, आणून ठेवायला एक पण नाही. त्यांच्याशी बोलायचंय.