तळ्यावरचा पाहुणा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वाटेत वळसंग हे गाव लागते. हा सारा मुलूख अवर्षणाचा. पावसाने दडी मारली की विहिरी तळ गाठतात आणि माणसांचे डोळे आभाळाकडे लागतात. अशा प्रदेशातील माणसाला पाणी म्हटले की पिण्याची घागर आणि पिकाचा पाट आठवतो. त्या पाण्यावर आकाशातून विमान उतरावे, ही कल्पना त्याला परीकथेतील वाटली तर नवल नाही. परंतु एके काळी आपल्या देशात असे घडत होते. आणि तेही दुष्काळातच जन्मलेल्या एका तलावावर!

राजस्थानात कांकरोलीजवळ राजसमंद नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. सतराव्या शतकात मेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा महाराणा राजसिंहाने गोमती नदीवर बांध घालण्याचे काम काढले. हेतू असा, की आज उपाशी हातांना काम मिळावे आणि उद्या तहानलेल्या शेतांना पाणी. १६६२ ते १६७६ पर्यंत हे काम चालले. बांधावर संगमरवरी घाट उभे राहिले आणि ‘राजप्रशस्ती’ हे संस्कृत काव्य तेथील शिळांवर कोरले गेले.

अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला आणि या तलावाकडे एक अपरिचित पाहुणा आला. १९३८ च्या सुमारास ‘इंपीरियल एअरवेज’ या ब्रिटिश कंपनीची चार इंजिनांची उडती जहाजे इंग्लंडहून टपाल आणि उतारू घेऊन पूर्वेकडे जात. कराची सोडल्यावर राजसमंद, मग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील माधवसागर, पुढे अलाहाबाद आणि कलकत्ता, असा त्यांचा मार्ग होता. मुंबईची पत्रे मात्र कराचीला उतरत आणि तेथून टाटांची विमाने ती पुढे आणीत.

या विमानाचे पोट नावेसारखे असे. जड विमानांना लांब आणि भक्कम धावपट्टी लागते. तशा धावपट्ट्या तेव्हा थोड्याच होत्या. तलाव मात्र आयता मिळे. तरीही पाण्यावर उतरणे सोपे नव्हते. तरंगणारा एखादा ओंडकाही घातक ठरे. आणि गंमत अशी, की अगदी निश्चल पाणीच वैमानिकाला अधिक फसवी. आरशासारख्या पृष्ठभागावरून उंचीचा अंदाज येत नाही. बारीक लाटा असल्या म्हणजे तो येतो.

पुढे दुसरे महायुद्ध आले. युद्धाच्या गरजेपोटी ठिकठिकाणी पक्क्या धावपट्ट्या झाल्या आणि जमिनीवरून उडणारी वेगवान विमाने वाढली. उडत्या जहाजांची गरज सरली. १९५० साली ब्रिटनच्या सरकारी विमान कंपनीने आपली उरलेली उडती जहाजेही थांबविली.

अलीकडे त्या स्वप्नाने पुन्हा डोके वर काढले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर जलविमानाची चाचणी झाली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादेत साबरमती नदीवरून केवडियाला जाणारी सेवा सुरू झाली. पण एप्रिल २०२१ मध्ये तीही थांबली.

जमिनीवरचा विमानतळ बंद पडला, तर तेथे निदान भेगाळलेली धावपट्टी उरते. पाण्यावरच्या तळाचे तसे नाही. विमानाने पाण्यावर ओढलेली रेघ ते दिसेनासे होण्यापूर्वीच पुसली जाते. म्हणून राजसमंदच्या घाटावर उभे राहिलेल्यास त्या विमानांची खूण सापडावयाची नाही. शिळांवरील अक्षरे मात्र आहेत, आणि तलावाचे पाणी आजही शेतांकडे जाते. तहानलेल्यांसाठी बांधलेल्या त्या घराने दूरदेशीच्या पाहुण्यालाही जागा दिली. पाहुणा गेला, तरी घराचे काम थांबले नाही.