एका बैलाचं जू

सोयाबीन वीतभर आलंय, पावसानं उघडीप दिलीय. धाराशिवच्या काळ्या रानात वाफसा फार दिवस टिकत नाही. कोळपणी आत्ताच हवी. सावडीला बैल मागावा, तर या दिवसांत कुणाचा मोकळा असतो? म्हणून बाभळीचं आखूड जू घरीच केलं, एकट्या बैलापुरतं.

मानेवर बसणारी बाजू तासून गोल केली, तिच्यावर गोणपाटाची घडी शिवली. दोन्ही टोकांचे दोर मागे आडव्या दांडीला बांधले, म्हणजे पायांना घासत नाहीत. दोर आखूड राहिला तर कोळपं मातीतून उचलतं आणि मानेवर भार येतो. गळ्याखालचं जोतं सैलच हवं, नाहीतर जनावराचा श्वास कोंडतो.

बैलानं बराच वेळ ओढावं ते साधारण स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. चारशे किलोच्या बैलाला चाळीसेक किलोची ओढ. कोळप्याला ती पुरते. नांगराला हे जू मी कधीच लावणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. मला वाटतं, खांद्यावरून हात रोजच फिरायला हवा. केस झडलेले दिसले, कातडी गरम लागली, की काम थांबवायचं. तण माजलं तरी चालेल. आज डावी बाजू किंचित गरम लागली. उद्या खुरपं घेऊन आम्हीच रानात उतरणार.