पेवातली शिल्लक

आमची पेढी सांगलीच्या हळदीच्या पेठेतली. वयाची चाळीस वर्षे मी तेथे कीर्द-खतावणीत घालवली. व्यवहार धाकट्या भावाच्या हाती सोपवून गतवर्षी आम्ही उभयता अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी, मुलाकडे राहावयास गेलो. तेथे एका लहानशा यंत्राने मला माझ्याच हिशेबातील चूक दाखवली. ती गोष्ट आज सांगावीशी वाटते.

मुलाने एक जुना ट्रेलर घेतला आहे. मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचे हे चाकांवरचे घरच. आत झोपण्याची जागा, ओटा, फ्रीज, गॅसवर चालणारा हीटर, सर्व काही. ऑक्टोबरात आम्ही पाचजण त्यातून ग्रँड कॅनियन पाहावयास निघालो. फिनिक्सहून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. दरीच्या दक्षिण काठावर मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम होता. तेथे ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. जे काही चालवायचे ते ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर. फिनिक्समध्ये अजून पंखे फिरत होते, पण सुमारे एकवीसशे मीटर उंचीवरच्या त्या काठावर रात्रीची थंडी हाडांत शिरत होती.

भिंतीवर बॅटरीची स्थिती दाखवणारे चार दिवे होते. सायंकाळी चारही लागलेले पाहून आम्ही निश्चिंत झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास हीटर बंद पडला. गॅस भरपूर होता, परंतु उष्ण हवा आत ढकलणारा पंखा विजेवर चालतो, आणि वीज संपली होती. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्रही क्षीण आवाजात चिरचिरू लागले. सहा वर्षांची नात थंडीने कुडकुडत उठली. आजीने तिला आपल्या शालीत घेतले.

आणि मी पेढीवरच्या आवाजात विचारले, “रात्री दिवा कोणी चालू ठेवला होता?”

सूनबाई रात्री दहापर्यंत उशाशी दिवा लावून वाचत बसली होती, हे मला ठाऊक होते. “कामावरून आल्यावर घरात लक्ष असावं लागतं,” असेही मी पुढे बोललो. ती काही बोलली नाही. परतीच्या प्रवासातही ती गप्पच होती.

घरी आल्यावर मुलाने बॅटरी मॉनिटर मागवला. मी त्याला म्हटले, “चार दिवे आहेत ना भिंतीवर? आणखी खर्च कशाला?” तो म्हणाला, “अण्णा, ते दिवे फक्त व्होल्टेज बघतात. दिवसभर मोटारीने बॅटरीला थोडंफार चार्ज केलेलं असतं, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज चढलेलं दिसतं. आत खरं किती आहे ते त्यावरून नाही कळत.”

मला एकदम हरिपूरची पेवे आठवली. सांगलीलगतच्या त्या गावी जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत. २००५ च्या महापुराने त्यांतील बरीच गेली. पेवाचे तोंड एकदा बंद झाले की वर उभे राहून आत किती पोती आहेत हे कोणालाही सांगता येत नसे. किती पोती उतरली, किती निघाली, याची वहीत नोंद असे, आणि तीच खरी शिल्लक. बॅटरी हे असेच एक पेव आहे. मॉनिटर ही त्याची वही.

या वहीचा दिवाणजी म्हणजे शंट नावाचा धातूचा जाड तुकडा. बॅटरीच्या ऋण टोकावर तो बसवतात. बॅटरीत येणारा वा तिच्यातून जाणारा सर्व प्रवाह त्यातून जातो. आमच्या शंटवर ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्ट असे लिहिले होते. म्हणजे दहा अँपिअर प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत अवघ्या एका मिलिव्होल्टचा फरक पडतो. तेवढ्या फरकावरून यंत्र दर क्षणी जमा-नावे मांडत राहते.

रविवारी सकाळी आम्ही बापलेक कामास लागलो. बाहेरून येणारी वीज बंद केली. प्रथम ऋण टोक सोडवायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे, हा नियम. नाहीतर पाना चुकून लोखंडी सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते. मोटारीत काळी वायर ऋण असते, पण तेथील ट्रेलरांत बहुधा पांढरी ऋण आणि काळी धन असते, म्हणून प्रत्येक वायर तपासूनच हात लावावा लागला. मी चिठ्ठ्या लिहून वायरींना बांधीत गेलो. ते काम मला जमण्यासारखे होते.

नंतर यंत्राला आरंभीची शिल्लक सांगायची होती. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. दोन्हींची मिळून क्षमता २२० अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, म्हणजे उपयोगाची ११०. बॅटरी पूर्ण भरून घेतली आणि यंत्राला ‘शंभर टक्के’ असे सांगितले. भरलेले सगळेच परत मिळत नाही, म्हणून तुटीचाही आकडा भरावा लागतो. व्यापाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र नवलच झाले. छतावरच्या सोलरवर कडक ऊन, आणि यंत्रावरची टक्केवारी उतरत चाललेली! नुसते नावे, जमेचे नावच नाही. मुलगा यंत्र परत पाठवायला निघाला. मी म्हटले, “थांब. एखादी रक्कम वहीत न येता परस्पर गल्ल्यात पडते आहे का, ते आधी पाहू.” झालेही तसेच होते. सोलरची एक बारीक पांढरी वायर थेट बॅटरीच्या टोकावरच राहिली होती. तिच्यातून येणारी जमा दिवाणजीच्या दृष्टीसच पडत नव्हती. ती शंटच्या पलीकडच्या बाजूला घेताच हिशेब जुळू लागला.

सायंकाळी ऊन गेल्यावर ट्रेलरमधले सर्व काही बंद केले आणि आकडा पाहिला: २.१ अँपिअर. सर्व बंद असता एवढा खर्च कोठून? मुलाने एकेक फ्यूज काढावयास आरंभ केला. एक फ्यूज निघताच आकडा २.१ वरून ०.६ वर आला. ती वायर सामानाच्या कप्प्याकडे जात होती. बाहेरून त्या कप्प्याचे दार उघडले, तर आत जुन्या पद्धतीचा बल्ब जळत होता. हात लावताच चटका बसला.

त्या कप्प्यात माझ्याखेरीज कोणी काही ठेवले नव्हते. सहलीला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी मीच मेतकूट-पापडांचे डबे आत लावले होते, दिसावे म्हणून बटण दाबले होते आणि दार लावून घेतले होते. तेव्हापासून तो दिवा तसाच जळत होता.

मी कागद घेतला. दीड अँपिअर, दिवसाचे छत्तीस, त्या रात्रीपर्यंत तीन दिवस: १०८ अँपिअर-तास. उपयोगाची जवळजवळ सगळी शिल्लक. मग ट्रेलरमध्ये जाऊन सूनबाईच्या उशाजवळचा दिवा लावून पाहिला. आकडा ०.६ वरून ०.८ झाला. दोन तासांचे वाचन म्हणजे ०.४ अँपिअर-तास. माझ्या नावे १०८, तिच्या नावे अर्धाही नाही. आणि मी भरल्या घरात सगळी रक्कम तिच्या खाती टाकली होती.

पेढीवर एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावे चुकीची रक्कम पडली, तर मी स्वतः त्याच्या दारी जाऊन ती दुरुस्त केली आहे. तेथे मला कधी संकोच वाटला नाही. येथे मात्र स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जावयास मला बराच वेळ लागला. कागद तिच्यापुढे ठेवून म्हणालो, “सूनबाई, त्या रात्री चूक माझी होती. तुला बोलायला नको होतं.”

तिने कागद वाचला. म्हणाली, “अण्णा, त्या रात्री थंडीपेक्षा तेच जास्त लागलं होतं मला.” नंतर तिने तो कागद फ्रीजवर चिकटवला. नातीने त्यावर एक पिवळा बल्ब काढला.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा एकदा ट्रेलर घेऊन निघालो. रात्रभर हीटर चालला. पहाटे उठून पाहिले, तर यंत्र ७४ टक्के दाखवीत होते. मी कप्प्याचे दार उघडून दिवा बंद असल्याची खात्री केली आणि आत आलो. सूनबाई उशाशी दिवा लावून वाचत होती. मी तिच्याजवळ चहाचा कप ठेवला.