उदयनगरची वाट

होळकरांच्या इंदुरात आम्ही राजवाडा पाहिला, बाजारात मराठी बोलही कानी पडले; परंतु आमचे मन लागले होते ते उदयनगरच्या वाटेकडे. याच वाटेवर २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धर्मभगिनी राणी मारिया यांची बसमधील उतारूंदेखत हत्या झाली. गोरगरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडविणे, हाच काय तो त्यांचा अपराध! वार करणारा समंदर सिंग हा हिंदू तरुण. त्यास इतरांनी चिथाविले होते.

तुरुंगात स्वामी सदानंद हे धर्मगुरू त्याची वरचेवर भेट घेत. २००२ साली राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी तेथे गेली आणि त्याच मनगटास तिने राखी बांधली. २००६ साली तो सुटला. पुढे त्याने केरळात जाऊन त्या मातेची क्षमा मागितली. मातेने त्याचे हात चुंबिले. तो भगिनीच्या समाधीस जाऊ लागला.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे काय, हे त्या तरुणास प्रवचनाने उमगले असेल काय? आम्हांस वाटते, राखीच्या धाग्यानेच ते अधिक सांगितले.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. प्रिय वाचकहो, बांधाच्या वितीपायी आपण सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरतो, आणि रोज रात्री ‘हे आमच्या बापा’ म्हणतो. आपल्याकडे पाहणाऱ्या हिंदू शेजाऱ्यास मग प्रभू येशू कोठे दिसावा?