घाटात सापडलेला छर्रा

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात एका शनिवारी आम्ही दोघं पहाटेच भोरमार्गे महाडला निघालो. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बरेचदा बंद असतो, म्हणून थंडीचा मुहूर्त. गाडी अर्थातच माझी लाडकी जिप्सी. सेकंडहँड, २००७ ची. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचा साधेपणाच भारी! पाट्यांचे स्प्रिंग, हाताने टाकायचा फोर बाय फोर आणि खड्ड्यात सीटवरून उडणारे आपण.

आदल्याच आठवड्यात ती गॅरेजमध्ये होती. ‘ब्रेकचं सगळं काम केलंय’ म्हणून बिल मिळालं. ऑफिसच्या गडबडीत मीही चकचकीत पुसलेलं बोनेट बघून खूश.

नीरा देवघरचं पाणी बाजूला ठेवत रस्ता घाटात शिरतो. वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी आणि चहा झाला. समोर थेट कोकणात उतरणारी दरी. मग उतार लागला. चार-पाच वळणांनंतर ब्रेकचं पॅडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ तळाला गेलं!

‘अरे, हळू घे ना,’ बायको म्हणाली. मी काही बोललोच नाही. पटकन दुसरा गिअर, मग पहिला, पॅडलवर पंप मारत गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. हात थरथरत होते. तासभर थांबल्यावर पॅडल जरा जाग्यावर आलं. तिथून पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखे महाडला पोचलो.

तिथल्या एका गॅरेजमधल्या मामांनी आधी हवा काढायला घेतली. मागच्या चाकाचा निप्पल उघडला, मला पॅडल दाबायला लावलं. ऑइलचा एक थेंब नाही! त्यांनी मागे जाणाऱ्या पाइपचा जॉइंट खोलला आणि तळहातावर एक छर्रा ठेवला.

‘दादा, तुमची गाडी दोनच चाकांवर थांबत होती.’

मागच्या चाकातला सिलिंडर गळत होता. तो दुरुस्त करायचा सोडून आधीच्या मेकॅनिकने पाइपमध्ये छर्रा घालून लाइनच बंद केली होती. गळती थांबली, टाकीतलं ऑइल कमी होईना, मग मला शंका कशी येणार? पण घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला आणि ते तापले. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. जुन्यात मात्र हवेतली ओल मुरते आणि ते १४० च्या आसपासच उकळू शकतं. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली.

मामांनी सिलिंडरचं किट बदललं, ऑइलने भिजलेले लायनर टाकून नवे बसवले, सगळं ऑइल नवं भरून चारही चाकांची हवा काढली. संध्याकाळ झाली, पण खर्च अडीच हजारांच्या आत. म्हणजे नीट काम करणं काही फार महाग नव्हतं!

तेव्हा मंडळी, जुनी गाडी घेऊन घाटात जाणार असाल, तर बोनेटचा चकचकीतपणा राहू द्या. चारही ड्रम-डिस्क समोर उभं राहून उघडून बघा, बदललेले पार्ट मागून घ्या. तो छर्रा आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर असतो. आणि बायको? पुढच्या ट्रिपला येते म्हणालीय, पण आधी ब्रेक ती स्वतः दाबून बघणार आहे.