ठरलेली यादी, न ठरलेली गर्दी

मंचाच्या कडेला, मॉनिटरजवळ, काळ्या चिकटपट्टीनं एक कागद डकवलेला असतो: त्या रात्रीच्या गाण्यांची यादी, म्हणजे सेटलिस्ट. जाड अक्षरांत वीस-बावीस ओळी. गाण्यांची पूर्ण नावंही नाहीत, बँडला कळतील एवढीच तोडलेली. शो संपला की पहिल्या रांगेतली मंडळी प्लेक्ट्रम आणि ड्रमस्टिकसाठी हात पसरतात, तशी या कागदासाठीही पसरतात. बँडचं सामान सांभाळणाऱ्या एखाद्या रोडीनं तो भिरकावलाच तर झोंबाझोंबी होते. आणि पुढचे आठ दिवस त्याच कागदावरून वाद. हे का घेतलं? ते का गाळलं? सलग दोन संथ गाणी ठेवायचं कुणाच्या डोक्यातून आलं?

*

रॉकच्या चाहत्यांच्या ढोबळ दोन तऱ्हा. एक, त्या बँडला आयुष्यात एकदाच बघायला आलेला. दुसरा, त्याच दौऱ्यात तिसऱ्या शहरात पोचलेला. पहिल्याला गाजलेली गाणी हवीत. दुसऱ्याला हवं असतं एखाद्या जुन्या सिंगलच्या मागच्या बाजूचं, बँडलाही धड न आठवणारं गाणं. तिकिटाचे पैसे दोघांनीही मोजलेले. सेटलिस्टवरचं भांडण खरं या दोघांमधलं असतं, बँड निमित्ताला. त्यात आवाज दुसऱ्याचाच मोठा, कारण पहिला खूश होऊन घरी जाऊन झोपलेला असतो.

*

'ग्रेटफुल डेड' या अमेरिकी बँडनं हा तिढा आपल्यापुरता सोडवला होता: रोज रात्री वेगळी यादी. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी २,३०० च्या वर शो केले. कुठल्या रात्री कोणतं गाणं झालं, ते किती वर्षांनी परत आलं, याची नोंद चाहत्यांनी जाडजूड ग्रंथात छापली. १९८४ पासून बँडनं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली. एकच रात्र ऐकून भागत नाही, असा श्रोता त्यांनी घडवला.

मग १९८७ साली 'टच ऑफ ग्रे' हे त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. हिट आलं तशी हिटची गर्दीही आली. तिकीट नसलेले हजारो लोक बाहेरच्या पार्किंगमध्ये मुक्काम ठोकू लागले. १९९५ च्या जुलैत इंडियाना राज्यातल्या डीअर क्रीकच्या शोला गर्दीनं कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशीचा शो रद्द झाला आणि बँडनं चाहत्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. पुढच्याच महिन्यात बँडचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेला आणि तो विषय तिथंच संपला. प्रेक्षक बिघडले म्हणणाऱ्या जुन्या चाहत्यांना मात्र एक प्रश्न विचारावासा वाटतो: तीस वर्षांपूर्वी त्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा कोण झोपलं होतं?

*

याच परंपरेतला 'फिश' हा बँड. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. एकूण २३७ गाणी. त्यातल्या फक्त नवव्या रात्रीचं तिकीट मिळालेला एखादा बिचारा आपलं लाडकं गाणं सहाव्या रात्रीच होऊन गेलं म्हणून हळहळला असेलच. विविधतेची किंमतही कुणाला तरी मोजावी लागते.

*

"रोज यादी बदलायला काय जातं यांचं?" हा आवडता प्रश्न. बरंच जातं. स्टेडियमच्या शोमध्ये दिवे, पडद्यावरची चित्रं, आगीचे लोळ हे सगळं गाण्यागणिक आधीच बांधलेलं असतं. ड्रमरच्या कानात ताल धरून देणारा क्लिक वाजत असतो आणि बाकीची यंत्रणा त्याला जुळवलेली असते. वेगळ्या ट्यूनिंगची दोन गाणी शेजारी आली की गिटार बदलावी लागते. वरच्या पट्टीतली तीन गाणी लागोपाठ लावली तर साठी ओलांडलेल्या गायकाचा गळा चौथ्याला बसतो, म्हणून मध्ये लांबलचक गिटार-सोलो येतो. प्रेक्षकाला ती गिटारवाल्याची हौस वाटते. गायक तेवढ्यात पडद्यामागे पाणी पीत असतो.

कधी कारण याहून वेगळंही असतं. ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हणजे प्रेक्षकांनी उंचावलेले पुठ्ठ्याचे फलक गोळा करून त्यावरची फर्माईश जागच्या जागी वाजवणारा माणूस. २०१२ साली हेलसिंकीत तो चार तासांच्या वर गात राहिला. त्याच माणसाची २०२३ च्या दौऱ्यातली यादी शहरामागून शहर फारशी हलली नाही, आणि जुने भक्त कातावले. वय, मृत्यू, मागे पडलेले मित्र असा एक धागा त्यानं गाण्यांच्या क्रमातून ओवला होता. मधलं एक गाणं काढून फलकावरचं घातलं असतं तर धागा तुटला असता. नाटकाचा तिसरा अंक आज वेगळा करा, असं आपण नटाला सांगतो का?

*

मतदान घेतलं तर? 'मेटालिका'नं घेतलं. २०१४ च्या दौऱ्यात तिकीट काढणाऱ्यांनीच मतं देऊन यादी ठरवायची. दुर्मिळ गाण्यांसाठी वर्षानुवर्षं गळा काढणाऱ्यांना आयती संधी होती. मतपेटीतून बहुतेक ठिकाणी निघालं ते नेहमीचंच: 'मास्टर ऑफ पपेट्स', 'वन' आणि मंडळी. 'मेटालिका'नंच २०२३ पासून दुसरा उपाय काढला. एका शहरात दोन रात्री, आणि दोन्ही रात्रींत एकही गाणं सामाईक नाही. वाद मिटला, तिकिटं मात्र दोन काढावी लागली.

*

प्रेक्षकांच्या वागण्याचा इतिहास लिहायचा तर १७ मे १९६६ ची मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली रात्र टाळता येत नाही. बॉब डिलननं पहिला अर्धा भाग एकट्यानं साध्या गिटारवर गायला, हॉल तल्लीन. दुसऱ्या भागात विजेच्या गिटारी आणि मागे बँड. लोकसंगीताच्या भक्तांना तो धर्मभ्रष्ट वाटला. त्यांनी गाण्यांच्या मध्ये संथ, एकसुरी टाळ्या वाजवून त्याला अडवायला सुरुवात केली, आणि एकजण त्याला विश्वासघातकी ठरवत ओरडला, "जुडास!" डिलननं तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस, असं सुनावलं, बँडला आवाज चढवायला सांगितलं आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू केलं. या रात्रीची चोरटी ध्वनिफीत कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावानं फिरली. अधिकृतपणे ती १९९८ साली बाहेर आली.

आज ती ऐकताना जाणवतं की ओरडणारा माणूस बेपर्वा नव्हता. त्याला फारच पर्वा होती. गोंधळ घालणारे सगळे दारूच्या धुंदीत नसतात, काही जण भक्तीच्या धुंदीत असतात, आणि त्यांना आवरणं जास्त कठीण.

*

उलट बाजू: ६ जुलै १९७७, माँट्रिअलचं ऑलिम्पिक स्टेडियम, 'पिंक फ्लॉइड'. हळुवार गाण्यात फटाके फुटत होते, आरडाओरडा चालू होता. बँडच्या रॉजर वॉटर्सनं गाणं थांबवून झापलं. शेवटी पुढे घुसू पाहणाऱ्या एका चाहत्यावर तो थुंकला. गिटारवादक डेव्हिड गिल्मोर शेवटच्या एन्कोरला आलाच नाही. स्वतःच्या त्या कृत्यानं वॉटर्स हादरला आणि आपल्यात व प्रेक्षकात भिंत असावी या विचारातून १९७९ चा 'द वॉल' हा अल्बम उभा राहिला. गंमत अशी की वाईट प्रेक्षकांवरची ही तक्रार नंतर स्टेडियमभर प्रेक्षकांनी एका सुरात गायली, आणि सर्वांत मोठ्यानं.

*

संगीत नाटकाचा आपला 'वन्स मोअर' आणि रॉकचा एन्कोर वरवर सारखे दिसतात. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला आत्ता ऐकलेलं पदच पुन्हा हवं असे. प्रसंग थांबे, समोरचं पात्र ताटकळे, प्रयोग पहाटेकडे सरके. रॉकचा प्रेक्षक ऐकलेलं पुन्हा मागत नाही, राहिलेलं मागतो. आणि ते राहिलेलं यादीत आडव्या रेघेखाली आधीच लिहिलेलं असतं. बँड आत जातो, लोक पाय आपटतात, बँड लोकाग्रहास्तव परत येतो. आग्रह केलाच नाही तर काय होईल, हे तपासायची हिंमत सहसा कुणी करत नाही. एल्व्हिस प्रेस्लीची तऱ्हा सरळ होती. तो एन्कोर देत नसे. तो इमारतीबाहेर पडला आहे, अशी घोषणा करून लोकांना घरी पाठवलं जाई.

*

एन्कोरचा खरा शत्रू घड्याळ. १४ जुलै २०१२ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये स्प्रिंगस्टीनच्या जोडीला पॉल मॅकार्टनी आला, वेळेची मर्यादा ओलांडली आणि आयोजकांनी मंचाचा आवाजच बंद केला. आपल्याकडे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा नियम आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतला रसिक साडेनऊपासून एक डोळा मनगटावर ठेवूनच ऐकतो. धोबी तलावचं रंगभवन आठवणारे अजून आहेत. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथं व्हायचा. शेजारी कॉलेज, इस्पितळं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते उघडं नाट्यगृह गप्प झालं. त्या पिढीतल्या देशी बँडची कुचंबणा वेगळीच होती. लोकांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब हवी असत. 'रॉक मशीन'सारख्या मुंबईच्या बँडनं १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा ते धाडसच होतं.

*

यादी आधी कळावी की नको? हल्ली दौऱ्याच्या पहिल्या रात्रीनंतर ती जगभर पोचते. काही जण ती पाठ करून येतात, काही जण परीक्षेच्या निकालासारखी टाळतात. १ फेब्रुवारी २००८ ला 'आयर्न मेडन'च्या जागतिक दौऱ्याची सुरुवात थेट मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. म्हणजे त्या संध्याकाळी यादी फुटण्याची सोयच नव्हती. त्यांनी त्या दिवशी 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे तेरा-चौदा मिनिटांचं गाणं वीसेक वर्षांनी पुन्हा बाहेर काढलं, आणि त्याचा पहिला धक्का लंडन-न्यूयॉर्कच्या आधी मुंबईकरांना बसला. बाहेरच्या बँडच्या बाबतीत आपण नेहमी उष्टं खाणारे. हे पान मात्र आपल्याला पहिल्यांदा वाढलं गेलं.

*

"फ्री बर्ड!" ही आरोळी. 'लिनर्ड स्किनर्ड'चा गायक रॉनी व्हॅन झँट १९७६ च्या अटलांटातल्या थेट ध्वनिमुद्रणात लोकांना विचारतो, कोणतं गाणं ऐकायचंय? लोक बँडच्या त्याच गाण्याचं नाव ओरडतात. तिथं ते योग्यच होतं. पुढे ती आरोळी कुठल्याही बँडच्या, कुठल्याही शांत क्षणी ठोकायचा विनोद झाली. ओरडणाऱ्याला दर वेळी वाटतं की हे आपल्यालाच सुचलं.

*

वॉशिंग्टनचा 'फुगाझी' हा बँड छापील यादी न ठेवता वाजवायचा. पुढचं गाणं मंचावरच ठरे. प्रेक्षकांच्या वागणुकीबाबत मात्र त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नसेल. कुणी मुद्दाम लाथाबुक्क्या सुरू केल्या की गाणं थांबे, गायक इयन मॅकाय त्याला बोलावून तिकिटाचे पाच डॉलर परत करी आणि दार दाखवी. त्याच सुमारास 'बिकिनी किल'ची कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलावून घेई आणि मुलग्यांना मागे सरकायला सांगे. मंचासमोरची जागा आपोआप धक्के मारणाऱ्यांची होते, हे तिनं उघड बोलून दाखवलं.

*

मॉश पिट, म्हणजे मंचासमोर धक्के देत नाचणारा घोळका, बाहेरून दंगल दिसतो. आत शिस्त असते: पडलेल्याला आधी उचलायचं, सापडलेला बूट हात वर करून दाखवायचा, ज्याला नको त्याला ओढायचं नाही. पण माणसं ठरावीक संख्येपलीकडे दाटली की शिस्तही चिरडते. १९७९ च्या डिसेंबरात सिनसिनाटीत 'द हू'च्या शोआधी, आसनं राखीव नसल्यानं दारांशी झालेल्या रेटारेटीत अकरा जण गेले. शो संपेपर्यंत बँडला ते सांगितलं गेलं नाही. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात 'पर्ल जॅम' वाजवत असताना झालेल्या चेंगराचेंगरीत नऊ जण गेले. बँडचा गायक एडी वेडर लोकांना मागे सरकायला विनवत होता. या दोन तारखांपुढे बसायचं की उभं राहायचं हा वाद पोरकट वाटतो. तरी बसायचं ठरलेल्या हॉलमध्ये माझ्या पुढचा उठला की मी चिडतोच.

*

फोनबद्दल. गिटारवादक-गायक जॅक व्हाइटनं २०१८ च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत घालायला लावले, डिलनही तेच करतो. ध्वनिमुद्रणाला विरोध म्हणावा तर 'ग्रेटफुल डेड'चे टेपवाले उंच काठीवर माइक लावून अख्खी रात्र काढत. फरक इतकाच की ते गप्प उभे राहत आणि त्यांच्या यंत्राचा उजेड कुणाच्या डोळ्यात जात नसे.

*

"आता आमच्या नव्या अल्बममधलं..." एवढं ऐकलं की अर्धं मैदान बिअरच्या रांगेकडे निघतं. १९७२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरात 'पिंक फ्लॉइड'नं 'डार्क साइड ऑफ द मून' चार रात्री अखंड वाजवला. अल्बम यायला वर्ष होतं. त्या प्रेक्षकांच्या दृष्टीनं ती सगळी अनोळखी गाणीच होती, आणि पुढची पन्नास वर्षं लोक नेमकी तीच मागत राहिले. म्हणून नव्या गाण्याला जागा सोडू नये. बिअर हवीच असेल तर सर्वांत गाजलेल्या गाण्याला जावं. रांग तेव्हा रिकामी असते, आणि ते गाणं तिथवर ऐकू येतंच. पंचवीस हजार लोक गात असतात.